हात पाहणारे आधार आप्पा

पहिल्या रविवारी मी हजेरी घेत होते. "हजर", "यस मॅडम", "आहे" असं सुरळीत चाललं होतं. "आधार उखा," असं मी म्हटलं आणि कोणीच काही बोललं नाही. मी गैरहजेरीची खूण करणार, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून साठीला टेकलेला एक उंच, वाळका माणूस उठला. सावकाश चालत माझ्या टेबलापर्यंत आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली आणि माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, "मन्हं नाव आधार. बापनं नाव उखा. गाव म्हसावद. तो मी शे, मॅडम. आते लिखा."

वर्ग हसला. मीही हसू दाबत म्हटलं, "आप्पा, बसल्या जागेवरून हजर म्हटलं तरी चालतं."

"लांबथून हाव कोनी बी म्हनी दी," ते आपल्या अहिराणीत शांतपणे म्हणाले; हाव म्हणजे हो. "तुम्ही मानूस देखा, मंग लिखा."

पुढे दर रविवारी हेच झालं. दोन-तीन वेळा वर्ग हसला, मग हसायचा थांबला. त्यानंतर आप्पा टेबलाकडे येताना वर्गात जी शांतता पसरायची, ती मला नकोशी वाटायची. कारण हा माणूस गंमत करत नव्हता हे तोवर सगळ्यांना कळलं होतं.

हे वर्ग कामावर असलेल्या लोकांसाठी होते. औषधांच्या दुकानांत, दवाखान्यांच्या खिडक्यांवर वर्षानुवर्षं गोळ्या देणारी माणसं. दुकानाचा परवाना मालकाच्या किंवा दुसऱ्याच कोणाच्या नावावर, काम मात्र यांच्या हातून. मग नवा नियम आला. औषध जो प्रत्यक्ष हातात देतो त्याने प्रशिक्षण घेतलं पाहिजे, परीक्षा दिली पाहिजे आणि स्वतःच्या नावाची नोंदणी केली पाहिजे, नाहीतर काउंटर सोडायचं. नंदुरबार, शहादा, तळोदा, धडगाव अशा चहूबाजूंनी लोक आमच्या कॉलेजात यायला लागले. मी तिथे नुकतीच शिकवायला लागले होते. वर्गातले निम्मे लोक माझ्या वडिलांच्या वयाचे होते.

आमचं कॉलेज शहाद्याबाहेर, लोणखेड्याच्या बाजूला. रविवारी आवारात चिटपाखरू नसायचं. इमारतीच्या मागे कुंपणाला लागून पपईची शेतं. थंडी लागू नये म्हणून शेतकरी त्या दिवसांत झाडांना पांढरी कापडं गुंडाळतात. वर्गाच्या खिडकीतून पाहिलं की डोकं-मान झाकून घेतलेल्या माणसांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत असं वाटे. वारा आला की त्या जागच्या जागी हलत. मी नंदुरबारची, पपईची शेतं मला नवीन नव्हती, तरी शिकवताना मी खिडकीकडे पाठ करून उभी राहायचे.

आधार आप्पांची तीस-एक वर्षं म्हसावदच्या एका औषधाच्या दुकानात गेलेली. त्यांच्या नावावरून वर्गात थट्टा व्हायची आणि ती तेच आधी करायचे. "सरकारनी मन्हा नावनं कार्ड बठा देशले दिधं, मले इचारं बी नई." गोळी नुसती चिमटीत धरून ती कशाची हे ते ओळखायचे. मराठी वाचन स्वच्छ, इंग्रजी फक्त औषधांच्या नावांपुरतं, पण त्या नावांत एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी त्यांची भुवई वर जायची.

एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. हा माणूस कोणाशीही बोलायला लागला की आधी त्याच्या हातांकडे बघायचा. चेहऱ्याकडे नंतर. मी वही देताना, चहा देताना, त्यांची नजर माझ्या बोटांवरून एकदा फिरायची, जणू ती मोजून घेत होती. वर्गातल्या बायका त्यांच्यासमोर नकळत हात पदराखाली घ्यायच्या. "म्हातारा वाईट नाही," एकीने मला सांगितलं, "पण बघतो ना, तेव्हा अंगावर काटा येतो."

वर्गात आम्ही औषध देण्याचा सराव करायचो. एकाने रुग्ण व्हायचं, दुसऱ्याने औषध द्यायचं. बाकीचे दोन मिनिटांत मोकळे व्हायचे. आप्पा समोरच्याला सोडायचेच नाहीत. गोळी कधी घेणार, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे सगळं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे. पुस्तकातही हेच लिहिलं होतं, पण आप्पांनी ते पुस्तक आमच्याकडेच पहिल्यांदा पाहिलं होतं. "तुम्हाला हे कोणी शिकवलं?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "हाव म्हननारा प्रत्येक मानूस समजेल नई ऱ्हास, मॅडम." आणि विषय तिथेच संपवला.

पाचव्या की सहाव्या रविवारची गोष्ट. त्या दिवशी आप्पांचे हजेरीचे सोपस्कार होऊन गेले होते. मी पुढचं नाव घेतलं, "संगीता." संगीता ही डोंगरातली, पावरी बोलणारी तरुण मुलगी. पायथ्याच्या एका बाजारगावात औषधाच्या दुकानात कामाला होती.

"हाव," असं उत्तर आलं. बाईचा आवाज. मी खूण केली आणि पुढचं नाव घेणार, तर आप्पा ताडकन उठून उभे राहिले.

"कोन बोलनं?"

मी मान वर केली. संगीता नेहमी दाराजवळच्या बाकावर बसायची. तो बाक रिकामा होता.

"ती येल नई शे," आप्पा म्हणाले. "हाव कोन म्हनं?"

वर्गात बायका पाचच होत्या. एकेकीने नाही म्हणून मान हलवली. थट्टा करण्याचा कोणाचा स्वभाव नव्हता, आणि आवाज सगळ्यांनी ऐकला होता. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "दाराकडून आला, मॅडम." मी दारापर्यंत गेले. व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता. मी परत आले, खूण खोडली आणि उगाच मोठ्या आवाजात पुढची नावं घेतली. आप्पा बसले, पण त्यांचं कपाळ घामाने भिजलं होतं. बाहेर डिसेंबरची थंडी होती.

संगीता अकराच्या सुमारास आली. वाटेत जीप बंद पडली होती म्हणाली. आप्पांनी तिला दारातच अडवलं, तिच्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि एक निःश्वास सोडून तिला आत जाऊ दिलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तो आवाज कोणाचा होता हे मला आजही माहीत नाही.

जेवणानंतर सिकलसेलचा धडा होता. सातपुड्यातल्या वस्त्यांत हा रक्ताचा आजार घरोघर आढळतो, म्हणून आमच्याकडच्या अभ्यासक्रमात तो घेतलाच पाहिजे असा आग्रह होता. प्रोजेक्टरसाठी मी खिडक्या लावून घेतल्या. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, अंगात रक्त राहत नाही, सांधे दुखतात असं सांगत होते. मग म्हणाले, "लहानपणी या मुलांच्या हातापायांची बोटं सुजतात. काहींच्या बोटातलं हाड त्यामुळे वाढतच नाही. मोठेपणी ते बोट आखूड राहतं." आणि पुढचं चित्र लावलं.

भिंतीवर एक हात उमटला. चित्र कुठल्याशा फाइलमधून घेतलेलं, मी त्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. भिंतीवर तो माणसाएवढा उंच दिसत होता. पंजा उघडा, आणि अंगठीचं बोट शेजारच्या करंगळीपेक्षाही आखूड.

बाक सरकल्याचा आवाज झाला. आप्पा प्रकाशाच्या झोतातून चालत भिंतीकडे गेले. त्यांची सावली त्या हातावर पडली. त्यांनी आपला हात वर केला आणि भिंतीवरच्या त्या आखूड बोटावर ठेवला.

"हाऊच," ते म्हणाले. "हाऊच हात व्हता."

नेमकी तेव्हाच वीज गेली. भिंत कोरी झाली. खिडकीच्या फटींतून येणाऱ्या उजेडात आप्पा त्या कोऱ्या भिंतीवर हात टेकून तसेच उभे होते. मग अंधारातून संगीताचा आवाज आला, "मॅडम, असं बोट आमच्याकडे किती जणींना आहे. माझ्या मावशीच्या पाड्यावर तर चार-पाच बाया आहेत."

आप्पा वळले. "किती जनीसले?" असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तो त्यांचा वाटेना.

वीज आली नाही. मी वर्ग सोडून दिला. आप्पा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते, समोर त्या पांढऱ्या कापडातल्या झाडांच्या रांगा. मी पाणी दिलं. ते प्याले नाहीत. मग त्यांनी मला जे सांगितलं ते वीस वर्षांत त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

वीस वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानाला आजच्यासारखं उघडं काउंटर नव्हतं. रस्त्याच्या बाजूला एक लहान खिडकी होती, इतकी लहान की बाहेरच्या माणसाचा फक्त हात आत यायचा. शेजारी दवाखाना. डॉक्टरची चिठ्ठी आली की आप्पा पुडी बांधायचे, वर नाव लिहायचे, नावाने हाक मारायचे. आलेल्या हातावर पुडी ठेवायची. बाजारच्या दिवशी डोंगरातून माणसं उतरायची आणि खिडकीबाहेर एकच गर्दी व्हायची.

अशाच एका बाजारी त्यांनी "सुमनबाई" अशी हाक मारली. पुडीत शुगरच्या गोळ्या होत्या, महिनाभराच्या. बाहेरून "हाव" आलं. एक हात आत आला. मनगटात चांदीचं जाड कडं, अंगठीचं बोट पेराने आखूड. आप्पांनी त्यावर पुडी ठेवली, एक सकाळी, एक संध्याकाळी असं सांगितलं. पुन्हा "हाव" आलं. हात गेला.

थोड्या वेळाने गावातल्या सुमनबाई आल्या आणि म्हणाल्या, "मन्ह्या गोळ्या दे ना, आधार."

आप्पांनी उरलेल्या पुड्या पाहिल्या. एक शिल्लक होती. चिठ्ठीवर रेमली एवढंच नाव, गाव नाही. अंगात रक्त कमी म्हणून डॉक्टरने दिलेल्या लोहाच्या गोळ्या. डोंगरातल्या त्या बाईला सुमनबाई आणि रेमली यांतला फरक त्या गोंधळात ऐकू आला नसेल. आतून काहीतरी पुकारलं, बाकीचे हात पुढे करत होते, तिनेही केला.

"तिले मी देखंच नई," आप्पा म्हणाले. "फक्त हात देखा."

ते धावत जीपा लागायच्या जागी गेले. धडगावकडच्या जीपा भरून निघून गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, गप्प बस, होतं असं. पण आप्पांना ठाऊक होतं. शुगर नसलेल्या, एक वेळ जेवणाऱ्या बाईने त्या गोळ्या घेतल्या तर काय होतं. आधी घाम, हातापायांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी, मग झोप. घरच्यांना वाटतं, थकली आहे, झोपू द्या.

दुसऱ्याच दिवसापासून ते डोंगरात जायला लागले. आधी रोज, मग दर रविवारी. रेमली नावाची बाई प्रत्येक पाड्यावर होती. भाषा येत नव्हती. म्हणून ते आपलं अंगठीचं बोट दुमडून दाखवायचे आणि बायकांचे हात बघायला मागायचे. अनोळखी पुरुष, हात दाखवा म्हणतोय. बायका घरात पळायच्या. पुरुष हाकलून द्यायचे. पुढे पुढे तर ते चढाला दिसले की पाड्यावर ओरड व्हायची आणि ते पोचेपर्यंत अंगणात एकही बाई उरलेली नसायची. दोन वर्षं त्यांनी हे केलं. मग पायांनी साथ सोडली. डोंगरात जाणं थांबलं, हात पाहणं थांबलं नाही.

"सकाळी ती हाव म्हननी ना," आप्पा म्हणाले, "तसाच आवाज व्हता."

पुढच्या आठवड्यात संगीताच्या मावशीच्या पाड्यावर आरोग्य उपकेंद्राची सिकलसेल तपासणी होती. संगीता दुभाषी म्हणून जाणार होती. आप्पांनी मला विचारलं नाही, मीच म्हटलं, चला. म्हसावदहून जीपने निघालो, धडगावच्या अलीकडे मोठा रस्ता सोडला आणि शेवटचा चढ आप्पांसाठी थांबत थांबत पायी चढलो. लख्ख दुपार. अंगणात सात-आठ बायका धान्य पाखडत बसल्या होत्या. संगीता पुढे होती, तिला पाहून त्या हसल्या, काहीबाही बोलल्या. मग चढावरून आप्पांची टोपी वर आली.

एका म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं. ती दोनच शब्द बोलली. आणि मी पाहिलं, अंगणातल्या एकूण एक बायकांनी, ज्यांनी आप्पांना उभ्या आयुष्यात पाहिलं नसेल अशा कोवळ्या पोरींनीसुद्धा, आपले हात लुगड्यात ओढून घेतले. धान्य सांडलं ते कोणी गोळा केलं नाही. सगळ्या नुसत्या आमच्याकडे बघत बसल्या.

"काय म्हणाली ती?" मी संगीताला विचारलं.

संगीताचा चेहरा उतरला होता. "हात पाहणारा आला, असं म्हणाली."

आप्पा आहे तिथेच जमिनीवर बसले. त्यांनी संगीताला सांगितलं, "इचार तिले. रेमली नावनी बाई व्हती का? अंगठीनं बोट आखूड. हातमा चांदीनं कडं."

म्हातारीचं नाव बोंदरी. ती उठली, आमच्यापासून चार हातांवर येऊन बसली आणि बोलत राहिली. संगीता थांबत थांबत मराठीत सांगत होती.

रेमली तिची धाकटी बहीण. बाजाराहून गोळ्या घेऊन आली होती. नेमाने घ्यायची, कारण अंगात रक्त येईल असं डॉक्टरने सांगितलं होतं. घेतल्या की तिला घाम फुटायचा, हात थरथरायचे. औषध लागू पडतंय असं सगळ्यांना वाटलं. मग एक दिवस हा माणूस आला, हात मागायला लागला.

"त्या दिवशी ती आतच होती," संगीता म्हणाली. "कणगीच्या मागे लपवली होती तिला. फटीतून ती तुम्हाला बघत होती, आप्पा. हसत होती. म्हणत होती, हा माझा हात घेऊन काय करणार?"

आप्पांनी विचारलं, "मंग?"

"चार दिवसांनी सकाळी उठलीच नाही."

वारा पडला होता. घरामागे कोंबडी एकसारखी ओरडत होती. बोंदरी आता सरळ आप्पांकडे बघून काहीतरी म्हणाली. संगीताने मान खाली घातली, तेव्हा आप्पांनीच तिला सांग म्हटलं.

"ती म्हणते, तेव्हाच सांगायचं होतंस."

"सांगं व्हतं, माय," आप्पा बोंदरीला म्हणाले. "सांगं व्हतं. पन मन्ही भाषामा सांगं व्हतं."

संगीताने ते पावरीत सांगितलं. मग आप्पांनी तिला बाकीचंही सांगायला लावलं. खिडकी, दोन पुड्या, चुकलेली हाक. काही वगळू दिलं नाही. मला वाटलं, आता ही माणसं आम्हाला काय करतील. एक पुरुष दारातून बाहेर येऊन उभाही राहिला होता. पण बोंदरी ऐकत राहिली, आणि ऐकून झाल्यावर तिने पदराखालून आपला उजवा हात काढला आणि आप्पांसमोर धरला. तिचंही अंगठीचं बोट आखूड होतं.

"बघ म्हणते," संगीता म्हणाली.

वीस वर्षं ज्यांनी दिसेल त्याचे हात पाहिले, त्या आप्पांना त्या हाताकडे बघवलं नाही. त्यांनी तोंड फिरवलं. तपासणीसाठी आलेल्या उपकेंद्राच्या नर्सबाईंनी पुढे होऊन तो हात धरला आणि बोटातून रक्ताचा थेंब घेतला. त्यामागे एकेक करून बाकीच्या बायकांनी हात बाहेर काढले.

परतीच्या जीपमध्ये मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. या आजारात माणूस इतर कारणांनीही अचानक जातो, खात्रीने काही सांगता येणार नाही, असं मी म्हणत होते, आणि ते खोटंही नव्हतं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही शिकाडतस ते खरंच शे, मॅडम," ते म्हणाले. "पन पुडी मी दिधी."

मला वाटलं होतं, ते आता परीक्षेला बसणार नाहीत. ते पुढच्या रविवारी आले. जेवणाच्या सुट्टीत संगीताला समोर बसवून पावरी शिकायला लागले. उपाशी पोटी, जेवून, अर्धी, घाम आला तर, चक्कर आली तर. वही भरत गेली. उच्चार चुकला की संगीता खळखळून हसायची आणि आप्पा तोच शब्द दहादा म्हणायचे. रिकाम्या वर्गात ते एकटे बसून ती वाक्यं मोठ्याने म्हणताना मी ऐकलं आहे. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबायचे, समोरचा काहीतरी बोलेल इतका वेळ. मी दारातून मागे फिरायचे.

परीक्षेत एक प्रश्न होता. चुकीचे औषध दिले गेल्याचे लक्षात आल्यास तुमची पहिली कृती कोणती? बाकीच्यांनी मुद्दे लिहिले होते, डॉक्टरांना कळवणे, नोंद करणे, रुग्णाशी संपर्क साधणे. आप्पांनी तेही लिहिले होते. शेवटी एक ओळ जास्त होती. "धावत जावे. पण ज्यांच्याकडे धावत जायचे त्यांची भाषा आधी शिकून ठेवावी." गुण कुठे द्यायचे मला कळेना. मी पूर्ण दिले.

ते पास झाले, नोंदणी झाली. म्हसावदचं दुकान सोडून ते संगीताच्या दुकानात, डोंगराच्या पायथ्याला गेले. मालक म्हणाले, या वयात कशाला तिकडे? आप्पांनी त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही.

आप्पांना जाऊन आता काही महिने झाले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, एका बाजारच्या दिवशी. दुपार टळत आली होती, गर्दी ओसरली होती. आप्पा आणखी वाळले होते. एका डोंगरातल्या बाईला ते पावरीत काही समजावत होते, ती त्यांची वाक्यं दुरुस्त करत होती आणि दोघंही हसत होते. ती गेली. आप्पांनी मला आत बोलावून स्टुलावर बसवलं, चहा मागवला. तब्येतीचं बोलणं झालं, संगीताच्या लग्नाचं झालं. मग ते सहज, गिऱ्हाइकाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "रेमली येस, मॅडम."

मला वाटलं, याच नावाची दुसरी कोणी.

"तीच," आप्पा म्हणाले. "दर बाजारले येस. बठा लोके गयात का मंग येस. हात पुढे करस. मी तिले तिनी भाषामा सांगस, या तुन्ह्या गोळ्या नई शेत."

"मग?"

"मंग ती हात मांगे लेस आनि जास."

मी संगीताकडे पाहिलं. ती कपाटात बाटल्या लावत होती. तिने ऐकलं होतं, पण वळून पाहिलं नाही.

"आप्पा, भीती नाही वाटत?"

"भीती कसानी, माय? आते तिले समजस."

चहा आला. मी कप तोंडाला लावला तेवढ्यात आप्पा उठले आणि काउंटरकडे गेले. बाहेर रस्त्यावर पिवळं ऊन होतं, समोर कोणी नव्हतं. त्यांनी दोन्ही हात काउंटरवर टेकले, थोडे पुढे झुकले आणि हळू, एकेक शब्द सुटा करत पावरीत बोलायला लागले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. संगीताने बाटल्या लावायचं थांबवलं होतं. मी कप खाली ठेवला आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत दोघी उभ्या राहिलो.